शंका-समाधान : बल, गुरुत्व आणि गती

शाळेच्या प्रदर्शनासाठी मी साधा लंबक केला. लांबी बरोबर १०० सेंटिमीटर, २० झोक्यांना वेळ ३८.२ सेकंद. त्यावरून गुरुत्वत्वरण १०.८ आलं. पुस्तकात ९.८ आहे. लांबी मोजताना चुकलं असेल असं सगळे म्हणतात. तसंच असेल का?
(विद्यार्थिनी, इयत्ता दहावी, सक्करदरा, नागपूर)

लांबी नाही, मोजणी चुकली आहे, आणि ते तुझ्याच आकड्यांतून दिसतं. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. इथे गुरुत्वत्वरण ९.७८६ मीटर प्रति सेकंद वर्ग धरायला हरकत नाही. एवढ्या गुरुत्वात एक मीटरच्या लंबकाला एक पूर्ण झोका (जाऊन परत येणं) घ्यायला २.०१ सेकंद लागतात, म्हणजे २० झोक्यांना ४०.२ सेकंद. तुझ्याकडे ३८.२ आले. फरक दोन सेकंदांचा, म्हणजे नेमक्या एका झोक्याचा. लंबक सोडताना तू 'एक' म्हटलंस आणि 'वीस' म्हणताच घड्याळ थांबवलंस, त्यामुळे प्रत्यक्षात झोके १९ झाले. घड्याळ सुरू करताना 'शून्य' म्हणायचं. लांबीच चुकली असं मानलं, तर ती ९० सेंटिमीटरच्या आसपास असायला हवी होती. टेप धरून मोजताना दहा सेंटिमीटरची चूक होत नाही.

आता प्रयोग पुन्हा करताना बाकीच्या जागाही बघून घे, कारण मोजणी सुधारली की मग बारीक चुका दिसू लागतात.

लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची, गाठीपर्यंत नाही. दोन सेंटिमीटर व्यासाचा गोळा घेऊन गाठीपर्यंतच मोजलं तर लांबी एक टक्का कमी भरते आणि उत्तरही एक टक्का घटतं. दोरा शिवणाचा सुती घे, लोकर किंवा इलॅस्टिक नको. लांबी मोजायची ती गोळा टांगल्यावर, कारण वजनाने दोरा थोडा ताणतो. खिळ्याला नुसता फास टाकू नकोस. झोक्याबरोबर फास सरकतो आणि लांबी दर वेळी बदलते. खोडरबर मधोमध चिरून त्या फटीत दोरा घट्ट दाबून धरला की टांगण्याची जागा पक्की होते.

गोळा बाजूला ओढायचा तो फार तर दहा सेंटिमीटर. मोठा झोका दिला तर वेळ वाढतो. ३० अंशांपर्यंत ओढलं तर पावणेदोन टक्के वाढतो आणि उत्तर साडेतीन टक्क्यांनी खाली येतं. सोडताना ढकलू नकोस, नाहीतर गोळा सरळ रेषेऐवजी लंबगोल फिरतो. घड्याळ सुरू आणि बंद करायचं ते गोळा सर्वांत खालच्या बिंदूतून जाताना. टोकाला तो रेंगाळतो, त्यामुळे नेमका क्षण पकडता येत नाही. शिवाय २० ऐवजी ५० झोके मोज. बोटाची चूक साधारण ०.२ सेकंदाची असते. ४० सेकंदांत ती अर्धा टक्का होते आणि गुरुत्वात दुप्पट, म्हणजे एक टक्का. १०० सेकंदांत ती बरीच विरघळते. आणि कूलर, पंखा दोन्ही बंद. उकडेल, पण इलाज नाही.

सूत्र सोपं करून : ३९.४८ गुणिले लांबी (मीटरमध्ये), भागिले एका झोक्याच्या वेळेचा वर्ग. उत्तर ९.७ ते ९.९ मध्ये आलं की प्रयोग चांगला झाला. ९.८०० आलं तर मात्र परीक्षक वही नीट तपासतील, आणि तपासावीच.

दोन वस्तू एकदम सोडल्या तर एकदमच पडतात असं शिकवतात. मी संत्रं आणि लिंबू हातातून सोडले. दर वेळी एक आधी पडतं, कधी हे, कधी ते.
(विद्यार्थी, इयत्ता नववी, काटोल)

'कधी हे, कधी ते' यातच उत्तर आहे. संत्रं जड म्हणून आधी पडत असतं तर दर वेळी तेच जिंकलं असतं. तुझे दोन हात एकाच क्षणी उघडत नाहीत, एवढंच. दोन मीटरवरून पडायला ०.६४ सेकंद लागतात आणि जमिनीजवळ वेग ६ मीटर प्रति सेकंदाच्या वर गेलेला असतो. हात फक्त ०.०२ सेकंद मागेपुढे उघडले तरी शेवटी दोघांत १२ सेंटिमीटरचं अंतर पडतं, आणि ते डोळ्यांना सहज दिसतं.

दोन्ही फळं टेबलाच्या काठावर शेजारी ठेव आणि एकाच लाकडी पट्टीने दोन्हींना एकदम ढकल. खाली स्टीलची परात ठेव आणि कान दे. एकच आवाज आला की झालं. फुगा किंवा कागद घेतलास तर हवा मध्ये येते आणि निकाल बदलतो. हवाच नसेल तर काय होतं, हे १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडून दाखवलं. दोन्ही बरोबरच टेकले.

गच्चीवरून हा प्रयोग करू नकोस. दहा मीटरवरून आलेलं संत्रं ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने खालच्या माणसाच्या डोक्यात बसतं.

कळमन्याच्या बाजारातून २० किलोचं संत्र्याचं क्रेट दिल्लीला गेलं तर तिथे वजन वेगळं भरेल का? मुलाने विचारलं, मला सांगता आलं नाही.
(पालक, वर्धमाननगर)

काटा कोणता, यावर ते ठरतं. जुन्या दोन पारड्यांच्या तराजूत अजिबात फरक पडणार नाही. तिथे संत्री आणि वजनं दोन्हींवर तेच गुरुत्व काम करतं, म्हणून तराजू वस्तुमानांची तुलना करतो. डिजिटल काटा मात्र त्याच्यावर पडणारं बल मोजतो आणि आत बसवलेल्या गुणकाने त्याचे किलो करून दाखवतो. दिल्ली ध्रुवाकडे अधिक सरकलेली आहे, म्हणून तिथे गुरुत्वत्वरण ९.७९१ च्या आसपास आहे. नागपुरात प्रमाणित केलेला काटा तसाच उचलून दिल्लीला नेला तर किलोमागे अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त दाखवेल, २० किलोला साधारण ११ ग्रॅम. तिथल्या वजनांनी काटा पुन्हा प्रमाणित केला की हा फरकही गेला.

मुंबईला नेला तर एवढाही फरक नाही. मुंबई विषुववृत्ताच्या जवळ असल्याने गुरुत्व थोडं कमी, आणि नागपूर उंचावर असल्याने इथलंही थोडं कमी. दोन्हीकडे आकडा जवळपास ९.७८६ च येतो.

व्यवहारात मात्र यातलं काही जाणवणार नाही. एवढ्या मोठ्या काट्याची सर्वांत लहान नोंद बहुधा ५ किंवा १० ग्रॅमची असते, आणि वाटेत संत्री सुकून एक टक्का जरी घटली तरी २०० ग्रॅम गेले.

अंतराळ स्थानकात गुरुत्व नसतं, म्हणून माणसं तरंगतात ना?
(विद्यार्थी, इयत्ता सातवी, धरमपेठ)

असतं, आणि भरपूर असतं. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वत्वरण ८.७ आहे, जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के. स्थानक आणि आतली माणसं दोन्ही पृथ्वीकडे सतत पडतच असतात. फक्त आडवा वेग इतका आहे (सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त) की जमीन खालून वळत जाते आणि ती कधी आपटत नाहीत. पायाखालची फरशीही माणसाबरोबरच पडत असल्यामुळे ती पायांना वर दाबत नाही. वजन जाणवतं ते त्या दाबामुळे.

मेट्रोत दोऱ्याला किल्ली टांगून धरली. गाडी सुटताना किल्ली मागे जाते. तिला मागे कोण ढकलतं?
(विद्यार्थिनी, इयत्ता आठवी, खापरी)

कोणीच नाही. फलाटावर उभं राहून बघ. गाडी पुढे निघाली, तुझा हात पुढे निघाला, किल्ली मात्र जिथे होती तिथेच राहू पाहते. तिला पुढे नेऊ शकेल अशी एकच गोष्ट तिला जोडलेली आहे, दोरा. सरळ उभा दोरा फक्त वर ओढू शकतो. पुढेही ओढायचं तर त्याला तिरपं व्हावंच लागतं.

किती तिरपं, यावरून त्वरण काढता येतं. दोरा ३० सेंटिमीटरचा घे. किल्ली उभ्या रेषेपासून ३ सेंटिमीटर मागे गेली तर त्वरण गुरुत्वाच्या तीन भागिले तीस, म्हणजे एक दशांश, साधारण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. तेवढंच त्वरण १५ सेकंद टिकलं तर वेग ताशी ५३ किलोमीटरच्या आसपास जातो. दोऱ्यामागे रेघा मारलेला पुठ्ठा धर. सुरुवातीला किल्ली हेलकावे खाते. या लांबीला एक हेलकावा १.१ सेकंदाचा असतो, म्हणून तीन-चार हेलकावे जाऊ दे आणि मधली जागा वाच. एका हाताने खांब धर.

गाडी एकाच वेगाने सरळ धावत असताना दोरा सरळ खाली लटकेल, वेग १० असो की ७०. पुष्कळ जणांना हे खोटं वाटतं, म्हणून मुद्दाम बघ.

तान्ह्या पोळ्याला सहा वर्षांचा मुलगा लाकडी नंदी ओढतो. फरशीच्या फटीत चाक अडकलं की नंदी तोंडावर पडतो. त्यातच नववीतली मुलगी विचारते की नंदी तेवढ्याच बलाने उलट ओढत असेल तर तो पुढे जातोच कसा?
(पालक, महाल)

आधी मुलीचं. दोन्ही बलं सारखी आहेत हे खरं, पण ती दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत, म्हणून एकमेकांना खोडत नाहीत. नंदी ८ किलोचा, मुलगा २० किलोचा, चाकांचं घर्षण ८ न्यूटन धरू. मुलाने १२ न्यूटनने ओढलं तर नंदीवर पुढे १२, मागे ८. उरले ४, म्हणून त्वरण अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग. आता मुलगा. दोर त्याला १२ न्यूटनने मागे ओढतो. त्यालाही त्याच त्वरणाने पुढे जायला १० न्यूटन उरायला हवेत, म्हणजे जमिनीने त्याच्या पायांना २२ न्यूटनने पुढे ढकललं पाहिजे. हे काम पायाखालचं घर्षण करतं. ओल्या शहाबादी फरशीवर गुळगुळीत चपला घालून ते वीससुद्धा होत नाही; मग पाय मागे घसरतात आणि नंदी जागचा हलत नाही.

पडण्याचं कारण बहुतेक वेळा दोर बांधण्याच्या जागेत असतं. दोर गळ्यात बांधतात, कारण तिथे तो शोभतो. समजा गळा जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच आहे आणि गुरुत्वमध्यापासून पुढची चाकं १५ सेंटिमीटर पुढे आहेत. चाक अडकलं की नंदी त्या चाकाभोवती उलटू पाहतो, आणि त्याला उलटवायला अंदाजे २६ न्यूटन पुरतात. अडीच-पावणेतीन किलो उचलण्याएवढा हा जोर, मूल हिसक्यात सहज लावतं. तोच दोर पाटाला (नंदी ज्या चाकांच्या फळीवर उभा असतो तिला), जमिनीपासून १० सेंटिमीटरवर बांधला तर ११७ न्यूटन लागतील, ते त्याच्या आवाक्याबाहेर. गळ्यात शोभेची गोंड्याची दोरी राहू द्या, ओढायची पाटाला बांधा. मुलाचा हात पाटापेक्षा उंच असल्याने ही दोरी तिरपी वर जाते आणि पुढचं चाक किंचित उचलते, ते फायद्याचंच.

एवढ्याने भागलं नाही तर पाटाखाली मधोमध दोन किलोची लोखंडी पट्टी ठोका. गुरुत्वमध्य खाली येतो. पुढचा आस पाच सेंटिमीटर पुढे सरकवता आला तर उलटवायला लागणारं बल एक तृतीयांशाने वाढतं. चाकं मोठी करणं हा सुताराकडचा खर्च आहे, पण दोन सेंटिमीटरची अडचण चढायला चार सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला जेवढं बल लागतं, त्याच्या निम्म्यात आठ सेंटिमीटरचं चाक चढतं. आसाला एरंडेल किंवा कोरडा साबण चोळा. मग नंदी उतारावर मुलाच्या टाचांवर येईल, म्हणून मागच्या बाजूला दुसरी दोरी बांधून तिचं टोक तुमच्या हातात ठेवा.