वाचक विचारतात : परातीतलं मुंडकं आणि काकवीचं रक्त

गेल्या अंकात अमेरिकेतल्या ड्राइव्ह-इन काळातल्या स्वस्त भयपटांवर लेख होता. साधारण १९५० ते १९६५ ही ती वर्षं. प्रयोगशाळेत कोंडून घेतलेला डॉक्टर, त्याचा मुका मदतनीस, बुडबुडणाऱ्या बाटल्या आणि शेवटी लागलेली आग. त्यावर विदर्भातल्या गावांमधून पत्रं आली, आणि त्यातली बरीचशी 'हे आपल्याकडे कसं करायचं' असं विचारणारी निघाली. त्यांचीच उत्तरं आधी देतो आहोत.

गाडीत बसून सिनेमा पाहायचा तर आवाज कसा ऐकू येत असे? आणि घडी घडी वेडा डॉक्टरच का?
— एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

पहिलं ड्राइव्ह-इन रिचर्ड हॉलिंग्जहेड यांनी ६ जून १९३३ रोजी न्यू जर्सीत, कॅम्डेनजवळ सुरू केलं. त्यांची खरी युक्ती जमिनीत होती. गाड्यांच्या प्रत्येक रांगेसाठी मातीचा उतार केला, त्यावर पुढची चाकं चढली की गाडीचं तोंड वर होतं आणि मागच्या रांगेला पुढच्या गाडीचं छत आडवं येत नाही. सुरुवातीला कर्णे पडद्याजवळ होते. मागे आवाज उशिरा पोचायचा आणि आसपासच्या वस्तीला विनाकारण ऐकावा लागायचा. पुढे प्रत्येक गाडीजवळ खांब आला. त्यावरचा छोटा स्पीकर काढून खिडकीच्या काचेला अडकवायचा, आवाजाचं बटण त्यालाच.

१९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत अशी चार हजारांवर चित्रपटगृहं होती आणि एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायची पद्धत होती. दुसऱ्या, दुय्यम सिनेमाला ठरावीक रक्कम मिळायची, मुख्य सिनेमाला गल्ल्यातला टक्का. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीनं दोन्ही सिनेमे स्वतःच, तेही स्वस्तात काढून जोडीनं द्यायला सुरुवात केली, म्हणजे सगळा टक्का त्यांचा. नाव आणि पोस्टर आधी, पटकथा मागाहून, अशीही त्यांची रीत होती.

अशा हिशेबात वेडा डॉक्टर चपखल बसतो. एक खोली, चार नट, काचेची भांडी. राक्षस परवडत नसेल तर डॉक्टर त्याच्याबद्दल बोलत राहतो. रॉजर कॉर्मन यांच्या 'द वॉस्प वुमन'मध्ये (१९५९) गांधीलमाशी झालेली बाई म्हणजे मुखवटा आणि हातमोजे, बाकी अंगावर नेहमीचेच कपडे. तीही फार थोडा वेळ दिसते, तरी सिनेमा उभा राहतो.

आमचं मंडळ वडसा भागात नाटक करते. यंदाच्या नाटकात डॉक्टर अपघातात मेलेल्या बायकोचं मुंडकं परातीत जिवंत ठेवते. मुंडकं बोललं पाहिजे, गाणंही आहे. आरसे लावून करता येते असं कोणी म्हणते. कसं करावं जी?
— एक नाट्यमंडळ, ता. देसाईगंज, जि. गडचिरोली

तुमच्या प्रवेशाचा नमुना 'द ब्रेन दॅट वुडन्ट डाय' (१९६२) या सिनेमात आहे. तिथं नटी टेबलाखाली बसली आणि कॅमेऱ्यानं टेबलाखालचं दाखवायचं टाळलं. कॅमेरा एका जागेवरून पाहतो. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आपल्या रंगभूमीवर, हजारभर माणसं तिन्ही बाजूंनी पाहणार, म्हणून टेबल वेगळं करावं लागेल.

आधी आरशांचं सांगतो. ही युक्ती लंडनमध्ये १८६५ साली रंगमंचावर आली. टेबलाच्या पायांमध्ये ४५ अंशांत दोन आरसे बसवायचे. त्यांत बाजूच्या भिंती दिसतात आणि प्रेक्षकाला वाटतं, आपण थेट मागची भिंत पाहतो आहोत. त्यासाठी बाजूचे आणि मागचे पडदे एकाच रंगाचे लागतात, प्रेक्षक समोरच्या अरुंद पट्ट्यात लागतात, आणि टेबलासमोरून कोणी चाललं तर त्याचे पाय आरशात दिसतात. तुमच्या रंगवलेल्या पडद्यांवर आणि धुळीत हे टिकणार नाही. आरसे सोडा.

त्याऐवजी टेबलाचंच यंत्र करा. १२ मिलिमीटर प्लाय, ४ फूट बाय अडीच फूट, जमिनीपासून उंची ३० इंच. तिन्ही बाजू प्लायनं बंद करून, पुढच्या बाजूला दार ठेवून, त्यावर जुने मीटर, बटणं, लाल-हिरवे दिवे. मागची बाजू पूर्ण उघडी. वरची फळी भोकाच्या मधोमध कापून दोन तुकड्यांत करा, म्हणजे डोकं भोकातून वर घालायची कसरत नको. बाई आधी बसेल, मग दोन्ही तुकडे मानेभोवती सरकतील. भोक ६ इंचांचं, कडेला स्पंज. तुकड्यांना कडी-कोयंडा मुळीच लावू नका. चक्कर आली, ठिणगी पडली तर बाईला दोन्ही हातांनी फळ्या बाजूला सारून एका झटक्यात उठता आलं पाहिजे.

बैठकीचं माप इथेच चुकतं. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईच्या मानेचा मध्य, मांडी घालून बसल्यावर, बुडापासून साधारण २२ ते २३ इंचांवर येतो. म्हणजे ३० इंचांच्या टेबलाला ७ ते ८ इंचांचा चौरंग लागेल. अर्धा इंच जाडीच्या दोन-तीन पाट्या जवळ ठेवा. चौरंग उंच झाला तर खांदे फळीला टेकून वर दिसतात. कमी पडला तर हनुवटी परातीत रुतते आणि गाणं म्हणताना गळा दाबला जातो.

परात पत्र्याची घ्या. तीही पत्रेवाल्याकडून मधोमध कापून, मधे मानेचं भोक पाडून. पत्र्याची कड कानशीनं घासा आणि त्यावर उभी चिरलेली सायकलची ट्यूब चढवा. हे न करता कोणाची मान तिथे जाऊ देऊ नका. परातीत पाणी नको, जोडातून गळतं आणि खाली दिव्यांच्या वायरी आहेत. चुरगळलेला पारदर्शक जिलेटिन कागद पसरून खालून हिरवा एलईडी दिला की द्रव वाटतो. मानेची फट बँडेजनं झाका. नळ्या औषधाच्या दुकानातून नव्या, सीलबंद आणा. दवाखान्यातल्या वापरलेल्या नळ्यांना हात लावायचा नाही.

बंद पेटी पाहून 'आत बाई बसली असेल' हे पोरसुद्धा ओळखेल. म्हणून पहिल्या प्रवेशात मदतनिसाला त्याच पेटीचं पुढचं दार उघडून आतून बाटल्या काढायला लावा. आत रिकामं आहे हे प्रेक्षकांनी स्वतः पाहिलं पाहिजे. पुढे पडदा पडल्यावर बाई मागून आत जाईल. दिवा एकच, बाजूनं, डोक्याच्या उंचीवर. समोरून खाली दिवा पडला की पेटीच दिसत राहते.

माइक गळ्याला लावला तर बँडेज घासल्याची खरखर येते. सलाइनच्या स्टँडवर बाटलीशेजारी लटकवा, कोणाला वेगळा दिसणारही नाही. ऑर्गनवाल्यांना पट्टी अर्ध्या सुरानं उतरवायला सांगा. मांडी घालून, हात आखडून बसल्यावर छाती पुरती फुलत नाही. एका वेळी दहा-बारा मिनिटांवर तिला आत ठेवू नका.

धुराबद्दलही तुम्ही लिहिलं आहे. कोरडा बर्फ वापरायचा विचार सोडून द्या. एक किलो कोरड्या बर्फातून पाचशे लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड असतो आणि सखल जागी साचतो. प्रेक्षकांसाठी जमीन खणून खोलगट केली असेल तर तो थेट पुढच्या रांगेत, लहान मुलं निजलेली असतात तिथे उतरतो. डेकोरेशनवाल्याकडचं धुराचं मशीन पुरे. तेही अंकाच्या आधी दहा मिनिटं तापत ठेवा, नाहीतर ऐन वेळी धुराऐवजी थेंब उडतात.

बाटल्यांतले बुडबुडे खाण्याच्या सोड्यानं आणि व्हिनेगरनं मिनिटभरात विझतात. माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा छोटा पंप आणि त्याच्या नळ्या घ्या, रात्रभर बुडबुडत राहील. एका बाटलीत बी-कॉम्प्लेक्सची गोळी विरघळवून नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्यासमोर ठेवा. त्यातलं रायबोफ्लेविन पिवळंहिरवं चमकतं. अंधारात हा रंग शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

मोबाइलवर शॉर्टफिल्म करतो आहोत. दोन सळयांमधून वर चढणारी वीज हवी आहे. जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर मिळाला आहे, जोडणी सांगाल का?
— विद्यार्थी, अचलपूर, जि. अमरावती

नाही सांगणार. त्या ट्रान्सफॉर्मरमधून दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब निघतो आणि त्यामागे माणसाला मारायला लागतो त्याच्या कितीतरी पट प्रवाह असतो. तिथे दुसरी संधी नसते. त्याला हात न लावता तो भंगारात द्या.

तुम्ही पाहिलं ते कसं घडतं, एवढं सांगतो. दोन सळया खाली जवळ, वर दूर. ठिणगी खाली पडते, तिच्यामुळे हवा तापून वर जाते, ठिणगीही तिच्यासोबत चढते आणि अंतर फार वाढलं की तुटते. १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन'साठी विजेची यंत्रं केनेथ स्ट्रिकफेडन यांनी बनवली होती. त्यांतली काही १९७४च्या 'यंग फ्रँकेन्स्टाइन'मध्ये पुन्हा वापरली गेली, इतकी ती पक्की होती. ते आयुष्यभर हेच काम करणारे जाणकार होते.

तुम्ही ठिणगी एडिटिंगमध्ये टाका आणि सेटवर तिचा उजेड तेवढा खरा आणा. ट्यूबलाइटचा जुना पद्धतीचा स्टार्टर ४० वॉटच्या साध्या पिवळ्या बल्बच्या वायरीत मालिकेत जोडला की बल्ब अनियमित फडफडतो. जोडणी वायरमनकडून करून घ्या, एलईडी बल्बवर ती चालणार नाही. हा उजेड डॉक्टरच्या चेहऱ्यावर खालून पडू द्या. मोबाइलमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ३० फ्रेमवर चित्रावरून काळे पट्टे सरकताना दिसतात.

कृष्णधवल सिनेमात रक्त कशाचं करत?
— एक वाचक, सिंदखेड राजा, जि. बुलडाणा

चॉकलेट सिरप. 'सायको'मध्ये (१९६०) तेच आहे. आपल्याकडे काकवी त्याहून सोयीची. गडद, घट्ट आणि ओघळताना मधे तुटत नाही. थंडीत फार घट्ट झाली तर कपभर काकवीला दोन चमचे कोमट पाणी. शूटिंग लांबलं तर मुंग्या लागतात, म्हणून बाटली पाण्याच्या ताटलीत ठेवा.

रंगीत हवं असेल तर बेकरीच्या सामानाच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज २०० मिली, पाणी ५० मिली, खाण्याचा लाल रंग अर्धा चमचा, कोको पाव चमचा, निळ्या रंगाचा एक थेंब. कोको न घातल्यास ते रूह अफजासारखं दिसतं. कपड्यावर लावायचं असेल तर भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब घाला, डाग लवकर निघतो. तोंडात घ्यायचं असेल तर साबण नको.

विल्यम कॅसल यांच्या 'द टिंगलर'मधला (१९५९) प्रवेश जरूर पाहा. सगळा सिनेमा कृष्णधवल आणि न्हाणीघरात रक्त तेवढं लालभडक. फिल्म रंगीतच वापरली, पण खोली काळ्या-करड्या रंगात रंगवली आणि नटीच्या अंगालाही करडा रंग लावला. रंगकाम आणि मेकअप एवढ्यावर हा सगळा चमत्कार आहे.

हे सिनेमे गावात मोकळ्या जागेत दाखवायचे आहेत. परवानगी, पडदा, प्रोजेक्टर?
— एक ग्रामीण वाचनालय, ता. मोहाडी, जि. भंडारा

आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६२चा सिनेमा २०२२ अखेर मोकळा झाला. मात्र नव्यानं चढवलेलं संगीत किंवा उपशीर्षकं असतील तर त्यांचा हक्क वेगळा असू शकतो, म्हणून जुनी साधी प्रत घ्या. सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉर प्रमाणपत्र आणि स्थानिक परवानगी लागते, ती विचारणा आधी करा. रात्री दहानंतर कर्णे बंद. मे महिन्यात साडेसातपर्यंत पुरता अंधार होतो आणि यांतले बरेच सिनेमे सत्तर-ऐंशी मिनिटांचे आहेत, त्यामुळे आरामात बसतं.

मांजरपाट दुहेरी, मागे काळं कापड, १० फूट बाय साडेसात. जुन्या चौकोनी चित्राला हेच माप योग्य. ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. बहुतेक मशीन पडद्यापासून १५ फुटांवर येतं, म्हणजे ते गर्दीच्या मधोमध येणार. भोवती खुर्च्यांचं कडं करा. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात एवढ्या कापडावर ३० किलोच्या आसपास रेटा येतो, तेव्हा चारही कोपरे ताणून खुंट्यांना बांधा आणि खालची कड बांबूत ओवा.

बसायला तलावाची पाळ उत्तम, हॉलिंग्जहेडचा उतार आयताच मिळतो. पण पाण्याकडची बाजू टाळा, बाहेरच्या उतारावर मुलं पुढे आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मागे. पावसाळ्यात नको, पडद्यावर किडे बसतात. दिवाळीनंतर नऊच्या पुढे दव पडतं, मशीनवर छत्री बांधा पण मागचा पंखा झाकू नका. चौकातला हायमास्ट दिवा त्या दोन तासांसाठी बंद ठेवायला ग्रामपंचायतीला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर अंधारातले प्रसंग पडद्यावर नुसते करडे दिसतील.