वाचकांचे प्रश्न : निम्म्या रस्त्यात लाल दिवा लागला तर?

प्रश्न : आम्ही दोघं मुलाकडे म्युनिकला आणि तिथून पुतणीकडे लंडनला जाणार आहोत. मुलगा म्हणतो, तिथे निम्म्या रस्त्यात लाल दिवा लागला तरी घाबरायचं नाही. इथे त्र्यंबक नाक्यावर तसं झालं की आम्ही पळत सुटतो! यजमान ७२ वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात.
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : मुलगा बरोबर सांगतो. हिरवा माणूस म्हणजे रस्त्यात पाऊल टाकायची परवानगी. तो विझल्यावर वाहनं सुटेपर्यंत काही सेकंद राखलेले असतात, ते आधीच निघालेल्यांसाठी. हा मधला वेळ दाखवायची तऱ्हा मात्र देशागणिक वेगळी.

जर्मनीत बहुतेक ठिकाणी तो दाखवतच नाहीत. हिरव्यानंतर थेट लाल. निघाला असाल तर त्याच चालीने पलीकडे जा, मागे फिरू नका. हिशेब साधारण सेकंदाला १.२ मीटर चालीचा असतो, म्हणजे १२ मीटरच्या रस्त्याला १० सेकंद. काठी घेऊन सेकंदाला ०.८ मीटर चाल पडली तर १५ लागतील. म्हणून आधीपासून लागलेल्या हिरव्यावर निघू नका. तो लाल होऊन पुन्हा हिरवा लागू द्या. रुंद रस्त्यात मध्ये थांबा असेल तर दोन टप्प्यांत जा. दुसरी गोष्ट, वळणाऱ्या गाड्यांनाही अनेकदा तुमच्याबरोबरच हिरवा असतो. त्यांनी थांबायचं असतं, तरी नजर ठेवा. आणि तिथे वाहनं उजवीकडून चालतात, तेव्हा आधी डावीकडे पाहा. ही सवय मोडणं सर्वांत कठीण.

लंडनला आपल्यासारखंच, आधी उजवीकडे. काही ठिकाणी माणसाचं चित्र समोर नसून तुमच्याच बाजूला, बटणाच्या वर असतं. निघाल्यावर ते दिसत नाही. बिघाड समजू नका. रस्त्यात माणूस आहे का हे सेन्सर पाहतो आणि गाड्यांचा लाल लांबवतो. इतरत्र हिरवा विझून पिवळे आकडे उलटे मोजतात किंवा हिरवा लुकलुकतो. दोन्हींचा अर्थ, नव्याने निघू नका. बटणाच्या डब्याखाली बऱ्याचदा एक छोटा शंकू असतो. हिरवा लागला की तो फिरतो, न दिसणाऱ्यांना हाताने कळावं म्हणून.

प्रश्न : अमेरिकेत आकडे चालू असताना निघालं तर?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : लुकलुकणारा नारिंगी पंजा दिसला की निघायचं नाही, आकडा कितीही असो, निघालेल्यांनी पूर्ण करायचं. कॅलिफोर्नियात मात्र २०१८ पासून आकडे संपण्याआधी पोहोचणार असाल तर निघता येतं. जपानमध्ये लुकलुकणाऱ्या हिरव्यावर घाईने पूर्ण करा किंवा मागे फिरा, असा नियम आहे.

प्रश्न : ज्येष्ठांना जादा वेळ मिळतो का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : सिंगापूरमध्ये मिळतो. ठरावीक सिग्नलवर ज्येष्ठांचं किंवा अपंगांचं कार्ड खांबावरच्या यंत्राला टेकवलं की हिरवा रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद लांबतो. २००९ पासून ही सोय आहे. कार्ड तिथल्या रहिवाशांचं असतं, त्यामुळे पाहुण्यांना तिचा उपयोग नाही.