युगांडाला निघालेल्या सिस्टरला

प्रश्न : ताई, मी देवगडची स्टाफ नर्स. युगांडातल्या ग्रामीण रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जातेय. तिथे रुळायचं कसं?

उत्तर : पीतज्वराची लस निघण्याआधी किमान 10 दिवस घे, ती घेतल्याचं पिवळं कार्ड तिथे उतरताना लागतं, परतताना इथेही. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. जेवणाची चिंता नको. केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेलं मातोके म्हणजे कच्ची केळीच! आमसुलं तेवढी ने.

मी तिथे काम केलंय, म्हणून कळकळीने सांगते : रुग्णाचं खाणंपिणं, अंघोळ बहुधा नातेवाईकच बघतात. खाटेखाली चटई टाकून झोपलेल्या आजीला गर्दी समजून बाहेर काढू नकोस. लुगांडा बोलणारा भाग असेल तर आधी ‘ओली ओत्या’ (कसे आहात), घरच्यांची चौकशी, मग थर्मामीटर. तिथल्या सिस्टर अपुऱ्या सामानात वॉर्ड कसा चालवतात, ते आधी नीट बघ. सूचना नंतर.