सत्तावीस इंची, पण फुल एचडी?

प्रश्न : घरून कोडिंग करते, मधूनमधून मराठी मजकूरही तपासते. लॅपटॉपला जोडायला दुकानदार २७ इंची फुल एचडी मॉनिटर स्वस्तात देतोय. घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नका घेऊ, ताई. फुल एचडीचे १९२० बाय १०८० ठिपके २७ इंचांवर पसरले की इंचाला जेमतेम ८२ पडतात. इंग्रजी कोड कसाबसा निभतो. मराठीत जोडाक्षरं आणि रफार फिसकटतात, संध्याकाळी डोळे चुरचुरतात. फुल एचडीच परवडत असेल तर २४ इंची बघा, तिथे ९२ ठिपके मिळतात. माझं मत विचाराल तर २७ इंची, २५६० बाय १४४० घ्या. इंचाला १०९ ठिपके, आणि कोड नि ब्राउझर शेजारी-शेजारी सुखाने मावतात. फोर-केवर (३८४० बाय २१६०) विंडोजमध्ये १५० टक्के स्केलिंग लावलं, म्हणजे सगळं दीडपट मोठं केलं, तर जागा तेवढीच मिळते, अक्षरं मात्र छापल्यासारखी दिसतात. पॅनल आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारं) असू द्या. १६५ हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलण्याचं, कौतुक गेम खेळणाऱ्यांना. तुम्ही ते पैसे उंची बदलणाऱ्या स्टँडवर घाला. (स्टँडऐवजी पुस्तकांची चळत, हे मला बघवत नाही.) लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल तर ६५ वॅट देणारा मॉनिटर शोधा, एकाच वायरीत काम भागेल. आणि दुकानात जाहिरातीचा व्हिडिओ नको, तुमची मराठी फाइल उघडून दाखवायला सांगा.