संस्थेचं अनुदान थांबलं, लेकीला नाटकात ठेवायचं का?

पत्र : आम्ही जिंतूर तालुक्यातले. कोरडवाहू शेती आहे, सोयाबीन-कापूस. लेक छत्रपती संभाजीनगरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, नाट्यशास्त्र हा तिचा एक विषय. कॉलेज सुटल्यावर ती एका नाट्यसंस्थेत तालमीला जाते. संस्थेला कलाकारांसाठी दिल्लीहून अनुदान यायचं. पदवी झाली की तुलाही महिन्याला दहा हजार मिळतील, असं तिला सांगितलं होतं. आता दीड वर्ष झालं, पैसा नाही. जुनी पोरं सोडून गेली. सर म्हणतात, थांबा, येईल. सरकारच हात आखडता घेत असेल तर या लाईनीत राहण्यात अर्थ आहे का? मला वाटतं तिने बी.एड. करावं. दुसरं, संस्थेने एम.ए. सोडून पूर्ण वेळ ये म्हटलं तर जाऊ द्यावं का? आणि तालमी रात्री साडेनऊपर्यंत चालतात, त्याचं काय करावं?

उत्तर : नमस्कार.

दुसऱ्या प्रश्नाला फाटे नाहीत, म्हणून तो आधी घेतो. संस्थेसाठी एम.ए. सोडू देऊ नका. संस्था वाईट आहे म्हणून नव्हे. ज्या पैशाच्या भरवशावर तिला बोलावलं जाईल, तो पैसा पगार म्हणून कधी आखलेलाच नव्हता.

तुमच्या वर्णनावरून ते अनुदान केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या गुरु-शिष्य परंपरा योजनेतलं दिसतं. नाटकवाले त्याला रेपर्टरी ग्रँट म्हणतात. त्यात गुरूला महिना १५,००० रुपये आणि शिष्याला वयानुसार २,००० ते १०,००० रुपये धरलेले असतात. नाटकात एका गुरूमागे जास्तीत जास्त १८ शिष्य, संगीत-नृत्यात १०. समजा एका संस्थेला एक गुरू आणि १० प्रौढ कलाकार मंजूर झाले, तर महिन्याचे १,१५,००० आणि वर्षाचे १३,८०,००० रुपये होतात. आपल्या भागातल्या संस्थेसाठी ही मोठी रक्कम आहे. पण ती दर महिन्याच्या एक तारखेला येत नाही. छाननी वर्षावर्षाची असते, आणि आधीच्या रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) गेल्याशिवाय पुढची फाईल हलत नाही. मधले महिने संस्थेने पदरमोड करून काढायचे असतात. ज्यांचा पदर रिकामा, त्यांची पोरं सोडून जातात.

आता तुमचा पहिला प्रश्न, सरकार हात आखडता घेत असेल तर काय. इंग्लंडमध्ये कलांना सरकारी निधी वाटणाऱ्या आर्ट्स कौन्सिलने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेरा या संगीतनाट्य संस्थेला नियमित निधीच्या यादीतून काढलं, तेव्हा ते जाहीर करून काढलं. गदारोळ झाला, पण संस्थेला आपण कुठे आहोत ते त्याच दिवशी कळलं. आपल्याकडे इतकं स्पष्ट कुणी सांगत नाही. अर्थसंकल्पात तरतूद दिसते, मंजुरीची यादी लागते आणि रक्कम वितरित होत नाही. कधी १८ कलाकार मागितलेल्या संस्थेला ६ मंजूर होतात. उघड कपात झाली ती कोरोनात. राज्याच्या वित्त विभागाने ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने विभागांना त्या वर्षीच्या तरतुदीच्या ३३ टक्क्यांतच खर्च भागवायला सांगितलं. अशा वेळी नाटक, तमाशा, शाहिरी यांच्या वाट्याचा पैसा आधी अडतो, कारण तो थांबल्याने कुणाचा दवाखाना किंवा पाणीपुरवठा बंद पडत नाही. कुठलंही सरकार आलं तरी हे असंच चालणार, असं धरूनच या क्षेत्रात पाय ठेवावा.

तरीही दीड वर्ष पैसा आला नाही म्हणजे सगळा दोष दिल्लीचाच, असं मी लगेच मानणार नाही. बऱ्याचदा घोडं घराच्या दाराशीच अडलेलं असतं. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असते. कार्यकारिणी बदलली की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. अनेक ठिकाणी अध्यक्ष वारून चार वर्षं झालेली असतात आणि कागदावर अजून तेच अध्यक्ष असतात. मग बँक सही बदलून देत नाही, स्वयंसेवी संस्थांची नोंद असणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची माहिती जुळत नाही आणि अर्ज त्रुटीत निघतो. दुसरी अडचण खर्चाच्या पावत्यांची. कलाकाराला मानधन रोखीने देऊन वहीवर सही घेतली, नेपथ्याचं लाकूड कच्च्या चिठ्ठीवर आणलं, की सनदी लेखापाल उपयोगिता प्रमाणपत्रावर सही करायला कचरतो. तिसरी, प्रयोग झाल्याचे पुरावे कुणी जपलेले नसतात : तारीख दिसेल असे फोटो, निमंत्रणपत्रिका, नाट्यगृहाची भाड्याची पावती, वर्तमानपत्रातलं कात्रण, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं संहितेसाठीचं प्रमाणपत्र.

म्हणून सरांना भांडणाच्या सुरात नव्हे, साधेपणाने चार गोष्टी विचारा. शेवटचं मंजुरीपत्र कोणत्या आर्थिक वर्षाचं आहे? उपयोगिता प्रमाणपत्र कधी पाठवलं? त्यानंतर त्रुटीचं पत्र आलं का? आणि मागच्या वर्षीच्या लेखापरीक्षित हिशोबात एकूण जमेपैकी अनुदान किती होतं? चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. माझा ठोकताळा असा : अनुदान जमेच्या निम्म्याहून जास्त असेल, तर ती संस्था शिकायला चांगली, पोट भरायला नाही. तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल आणि बाकी पैसा तिकीट, शिबिरं, देणग्या यांतून येत असेल, तर एखादं अनुदान बुडालं तरी ती तग धरते. हिशोब दाखवायला कुणी नाराज झालं, तर तेही उत्तरच समजा.

तिकिटावर संस्था का चालत नाही, असं तुम्हाला वाटेल. समजा २५० प्रेक्षक आले आणि तिकीट १०० रुपये, तर २५,००० जमा. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर नाटकाला जीएसटी नाही, तेवढा दिलासा. पण त्यातून नाट्यगृहाचं भाडं, प्रकाश आणि ध्वनीचं भाडं, नेपथ्याचा टेम्पो, रंगभूषा, पंधरा माणसांचं जेवण गेलं की नटाच्या हाती काय उरतं ते तुम्हीच मांडून बघा. सार्वजनिक पैसा आटल्याचा दुसरा फटका इथेच बसतो आणि तो कुणी मोजत नाही. नाट्यगृहं महापालिकेची असतात. तिची तिजोरी खाली असली की दुरुस्ती लांबते, भाडं वाढतं. छत्रपती संभाजीनगरचं संत एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी काही वर्षं बंद होतं, तेव्हा संस्थांना तारखांसाठी इतरत्र धावावं लागलं. तालुक्याला तर मंगल कार्यालयातच प्रयोग करावा लागतो. तिथे मंच आत पुरेसा खोल नसतो, दिवे टांगायला पाईप नसतो आणि आवाज इतका घुमतो की तिसऱ्या रांगेनंतर संवाद कळत नाहीत. प्रेक्षक पुन्हा येत नाही, आणि दोष नटाला मिळतो.

कंपन्यांच्या सीएसआरचं, म्हणजे सामाजिक जबाबदारी म्हणून खर्चायच्या निधीचं नाव संस्था हल्ली फार घेतात. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज-शेंद्र्यात कारखाने आहेत, कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये कला-संस्कृतीही आहे, त्यामुळे आशा चुकीची नाही. पण सीएसआरमधून एकेकट्या कार्यक्रमाचं प्रायोजकत्व चालत नाही, प्रकल्प लागतो. वर्षभर दहा शाळांत नाट्यशिक्षण, असं काही. त्यासाठी संस्थेकडे १२-ए, ८०-जी (या दोन्ही आयकर कायद्याखालच्या) आणि सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची) अशा नोंदण्या आणि तीन वर्षांचं काम दाखवायला हवं. हे सगळे कागद तयार असलेल्या नाट्यसंस्था आपल्याकडे थोड्या, आणि ते कागद नीट करू शकणारी माणसं त्याहून थोडी.

तुमच्या लेकीची खरी संधी मला इथे दिसते. अभिनय करणारे भरपूर आहेत, त्यांच्यातच ती उभी राहिली तर अनुदान थांबलं की तीही थांबेल. अभिनयाच्या जोडीला दोन कामं तिने हातात घ्यावीत. पहिलं, निर्मिती व्यवस्थापन : प्रयोगाचं अंदाजपत्रक, पावत्यांची फाईल, अनुदानाचा अर्ज, उपयोगिता प्रमाणपत्राचा मसुदा. टॅली आणि एक्सेल ही हिशोबाची सॉफ्टवेअर आली पाहिजेत. दोन-तीन महिने एखाद्या सीएच्या कार्यालयात ट्रस्टचे हिशोब पाहायला बसली तरी पुष्कळ शिकेल. दुसरं, प्रकाशयोजना किंवा ध्वनी. डिमर, एलईडी पार दिवे, ते चालवणारा डीएमएक्स कन्सोल, कपड्याला लावायचा लेपल माईक हे सगळं नाटकाबाहेरही चालतं : स्नेहसंमेलनं, गणेशोत्सव, सभा, लग्नं. मुली या कामात कमी आहेत आणि सुरुवातीला तिला केबल गुंडाळायलाच ठेवतील. ठेवू दे. दोन हंगामांत कन्सोलवर बसता येतं, फक्त तिने रोज रात्री आपला क्यू-शीट (कोणत्या संवादाला कोणता दिवा किंवा आवाज, याचा तक्ता) स्वतः लिहून काढला पाहिजे. (तिच्या विभागात दिव्यांची प्रात्यक्षिकं होत नसतील तर तिने तसा लेखी अर्ज द्यावा. मुलं मागत नाहीत म्हणून कन्सोल कपाटात पडून राहतो.)

कमाई कुठून सुरू होते? डिसेंबर ते फेब्रुवारी शाळा-कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम, त्यात नाटक-नाच बसवून देणाऱ्यांना मागणी असते. जिल्हा माहिती कार्यालय शासकीय योजनांच्या प्रचारासाठी लोककला आणि पथनाट्य पथकांची निवड करतं. तिथे भारूड, गोंधळ, पोवाडा यांतलं एखादं अंग असलेल्या कलाकाराला जास्त काम मिळतं. पैठणच्या नाथांचं भारूड आपल्या मातीतलं, ते तिने नीट शिकून घ्यावं. हाही सरकारी पैसाच आहे आणि बिलं लांबतात, तेव्हा पथकप्रमुखाकडून प्रयोगांच्या तारखा आणि ठरलेलं मानधन व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्यावं. आकाशवाणीच्या परभणी केंद्रावर नाट्य विभागाची ध्वनिचाचणी निघते का, यावरही लक्ष ठेवावं. त्यातून महिना भागत नाही, पण पुढे आवाजाच्या कामाला त्या चाचणीत मिळालेली श्रेणी उपयोगी पडते.

शिष्यवृत्तीचं म्हणाल तर सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेमार्फत १८ ते २५ वयाच्या कलाकारांना मिळणारी केंद्राची शिष्यवृत्ती पाहा. महिना ५,००० रुपये, दोन वर्षं, म्हणजे एकूण १,२०,०००, सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत. अट अशी की गुरू किंवा संस्थेकडे किमान पाच वर्षं शिक्षण झालेलं हवं. बरेच अर्ज इथेच बाद होतात, कारण शाळेतल्या बालनाट्याचे दाखले कुणी ठेवत नाही. तिने आठवी-नववीपासून काही केलं असेल तर ते दाखले आत्ताच गोळा करा, शिक्षक बदलून गेल्यावर मिळत नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयासाठीही पदवीसोबत नाटकांतल्या सहभागाचे पुरावे लागतात, तेव्हा फाईल एकच, उपयोग दोन.

आता बी.एड. तुमचा विचार मी उडवून लावत नाही. पण शिक्षक भरतीतली जागा शालेय विषयाची असते, नाट्यशास्त्राची नसते. तिचा मुख्य विषय मराठी, इंग्रजी किंवा इतिहास असेल तर बी.एड.ला अर्थ आहे. नाट्यशास्त्रच मुख्य असेल तर दोन वर्षं आणि फी घालूनही दार अर्धवटच उघडेल. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभराहून जास्त पट असलेल्या शाळेत कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक असावा असं म्हटलंय, पण अंशकालीन मानधनावर घर उभं राहत नाही. एम.ए.नंतर प्राध्यापकीसाठी नेट ही पात्रता परीक्षा द्यावी लागते, विषय 'परफॉर्मिंग आर्ट'. तिथेही विनाअनुदानित तुकड्या आणि तासिका तत्त्वावरच्या नेमणुका जास्त, तेव्हा नेट हा तिचा एकुलता आधार नसावा. एम.ए.ला छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहेच. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, आणि तिथून तुमचं गाव जवळ.

पदवीनंतर तिला दोन वर्षं द्या, एम.ए.ची. त्या काळात आधी सांगितलेलं एखादं तांत्रिक किंवा व्यवस्थापनाचं काम तिने पैसे घेऊन करायला लागलं पाहिजे, महिन्याला तीन-चार हजार का होईनात. दुसऱ्या वर्षाच्या शेवटीही तिची सगळी मदार कुणाच्या अनुदानावर असेल, तर दुसरी नोकरी आणि हौशी नाटक असा रस्ता धरावा. राज्य हौशी नाट्य स्पर्धेत बँकेतले, एसटीतले, शाळेतले लोक वर्षानुवर्षं उत्तम नाटक करतात, त्यात कमीपणा नाही. ही मुदत आजच तिच्याशी बोलून ठरवा, भांडण झाल्यावर ठरवलेली मुदत कुणी पाळत नाही.

राहता राहिल्या रात्रीच्या तालमी. संस्थेकडून वेळापत्रकाचं लेखी पत्र घेऊन ते वसतिगृहाच्या वॉर्डनकडे द्या, म्हणजे फाटकावर रोज वाद होणार नाही. स्पर्धेआधीचे पंधरा दिवस सोडले तर साडेनऊची तालीम बहुतेक वेळा आठला सुरू झाल्यामुळे होते. सहाला सुरू करा, असं तीन-चार पालकांनी मिळून सांगितलं तर संस्था ऐकते. परतताना दोन-तीन मुली एका रिक्षाने येतील असं ठरवा आणि ते भाडं संस्थेच्या तालीमखर्चात धरायला सांगा. अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळी ओळ ठेवता येते.