जुनं साहित्य वाचायला कुठून सुरुवात करावी

पहिल्याच दिवशी जाडजूड कादंबरीला हात घालू नका. नावं आणि नाती लक्षात ठेवण्यातच दमछाक होते आणि पुस्तक बाजूला पडतं. एका बैठकीत संपेल असं, ५ ते १५ पानांचं काहीतरी घ्या. रशियन लेखक चेखवची घोडागाडीवाल्याची कथा (१८८६) उत्तम आहे. त्याचा मुलगा नुकताच गेलाय, त्याला ते कुणाला तरी सांगायचंय आणि एकही गिऱ्हाईक धड ऐकून घेत नाही. एवढंच. पण त्या माणसाला ओळखायला रशियाचा इतिहास लागत नाही.

प्रस्तावना शेवटी वाचा, ती बहुतेकदा शेवट फोडते. पहिलं वाचन न थांबता करा, अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ पुरे. दुसऱ्या दिवशी सावकाश, शक्यतो मोठ्याने वाचा आणि तेव्हाच तळटीपा पाहा. समासात लिहा: याला काय हवंय, कुणाकडून, आणि ते का मिळत नाही?

नवखे वाचक सुरुवातीपासून तात्पर्य शोधतात, तिथेच माणूस निसटतो.

कथांनंतर पत्रं. प्राचीन रोमन तत्त्वज्ञ सेनेकाची १२४ पत्रं उपलब्ध आहेत. ५६ वं आधी वाचा. खाली सार्वजनिक स्नानगृह, आणि त्या गोंगाटात तो लिहायला बसलाय!