बाल्डर्स गेट ३: फायटरचे वार सारखे चुकतात, अचूकता कशी वाढवायची?

या व्हिडिओ गेममधला तुमचा लेव्हल ४ चा फायटर (योद्धा), हातात ग्रेटस्वर्ड, स्ट्रेंग्थ (ताकद) १७, आणि तरी आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १५ च्या शत्रूवर कर्सर नेला की वार लागण्याची शक्यता ३०% दिसते, असं तुम्ही लिहिलंय. या आकड्यावरून जवळपास खात्रीने सांगता येतं की लेव्हल ४ ला तुम्ही ग्रेट वेपन मास्टर हे फीट (खास कौशल्य) घेतलंय आणि त्यातलं ‘ऑल इन’ चालूच राहिलंय.

हिशेब बघा. वीस बाजूंच्या फाशात स्ट्रेंग्थचे +३ आणि प्रॉफिशियन्सीचे (शस्त्र चालवण्यातल्या तयारीचे) +२ मिळतात (१६ ला जे +३ तेच १७ ला, तो एक पॉइंट सध्या फुकट). १५ गाठायला फाशावर १० किंवा त्याहून जास्त हवेत, म्हणजे ५५%. ऑल इन ५ वजा करतं आणि लागलेल्या वारात १० डॅमेज वाढवतं. मग फाशावर किमान १५ लागतात, म्हणून ३०%.

पण सरसकट बंद करू नका. साधा वार सरासरी १० चा, ऑल इनचा २० चा. आर्मर क्लास १५ समोर दर वारी साधारण ५.५ विरुद्ध ६, म्हणजे फरक नगण्य. १८ समोर ४ विरुद्ध ३, तिथे बंदच बरं. शत्रूचा जीव ८-१० वर आला असेल तरी बंद. हॉटबारच्या पॅसिव्ह टॅबमध्ये त्याचं बटण आहे.

खरी मजा अ‍ॅडव्हान्टेज मिळाल्यावर. दोन फासे पडतात, मोठा धरला जातो; ५५ चे ८० होतात आणि ऑल इनचे ३० चे ५१. तेव्हा बिनधास्त चालू ठेवा. शत्रूला आडवा पाडा, किंवा कुणाकडून फेअरी फायर हा स्पेल (मंत्र) टाकून घ्या. दोन-तीन कारणं जमवून उपयोग नाही, अ‍ॅडव्हान्टेज एकदाच मोजतात. आणि डिसअ‍ॅडव्हान्टेजचं (तिथे दोन फाशांतला लहान धरतात) एकच कारण असलं तरी ते सगळं रद्द होतं.

शॅडोहार्ट या क्लेरिक (पुरोहित) साथीदाराकडून ब्लेस हा स्पेल घ्या: तिघांना प्रत्येक वारावर १ ते ४ ची भर, सरासरी साडेबारा टक्के. मात्र ते कॉन्सन्ट्रेशनवर (एका वेळी एकाच स्पेलवर धरलेल्या एकाग्रतेवर) चालतं. तिने दुसरा तसलाच स्पेल टाकला की ब्लेस गेलंच, मार खाल्ला तरी तुटू शकतं. तिला मागे ठेवा.

धनुष्यवाल्यांचं वेगळं. उंचावरून +२, खालून −२. शत्रू अंगाला भिडलेला असताना बाण मारणं म्हणजे भरलेल्या विरार फास्टमध्ये छत्री उघडणं; डिसअ‍ॅडव्हान्टेज ठरलेलं. आधी शव्हने ढकला, त्याला बोनस अ‍ॅक्शनच (मुख्य वाराशिवाय मिळणारी जादा कृती) लागते, मग बाण सोडा.

आणि प्रॉफिशियन्सी नसलेलं चिलखत कुणाच्या अंगावर नाही ना, ते एकदा तपासा. दिसायला भारी असतं, पण प्रत्येक वाराला डिसअ‍ॅडव्हान्टेज लावतं.